गाडीची उचकी

पहिलं निदान सासूबाईंनी केलं. २४ जून २०२४, सोमवार. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घरी आणत होते. माजिवड्याच्या उड्डाणपुलावर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तशी गाडीने एक हिसका दिला, सावरली, परत हिसका दिला. "गाडीला उचकी लागलीय गं," सासूबाई म्हणाल्या, "कुणीतरी आठवण काढतंय तिची." दोघी हसलो. पूल उतरल्यावर गाडी शहाण्यासारखी चालली, म्हणून मीही तो विषय सोडून दिला.

आधीच सांगते, मला गाडीतलं काही कळत नाही. बॉनेट उघडते ती वायपरचं पाणी भरायला, तेवढंच. महाप्याला एका कंपनीत अकाउंट्स बघते, राहते मानपाड्याला. गाडी २०१४ची, पेट्रोल, चार सिलिंडर, ७१ हजार किलोमीटर चाललेली. कळव्याचा नवा पूल, विटावा, दिघा, ठाणे-बेलापूर रोड हा तिचा रोजचा रस्ता. गणपतीला गावी जायचं होतं, कोकणात, आणि ते ७ सप्टेंबरला. त्यामुळे जूनमध्ये सुरू झालेलं दुखणं अंगावर काढून चालणार नव्हतं.

त्या आठवड्यात उचकी रोज लागायला लागली. तिसऱ्या दिवशी मी सवयीने फोनमध्ये नोंद ठेवायला घेतली: कुठे, कितव्या गिअरला, वेग किती, एसी चालू की बंद, पाऊस होता का. त्या आठवड्यात केलेल्या गोष्टींपैकी कामाची एवढीच निघाली. पाच दिवसांच्या नोंदी वाचल्या तर सिग्नलला उभी असताना कधीच त्रास नव्हता. न्यूट्रलला रेस केली तरी आवाज स्वच्छ. सपाट रस्त्यावर हळूहळू वेग वाढवला तरी काही नाही. पण पुलाचा चढ, तिसरा किंवा चौथा गिअर, एसी चालू आणि पाय जरा जोरात दाबला की हमखास.

शेजारच्या काकांनी पेट्रोलवर बोट ठेवलं. "इथेनॉल घालतात हल्ली, पावसाळ्यात त्यात पाणी धरतं." म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नाही, इथेनॉल पाणी ओढून घेतं हे खरं. पंपावर भेसळ तपासायची फिल्टर पेपर टेस्ट मागायचा ग्राहकाला हक्क असतो, तीही मी करून घेतली. पंपावरचा मुलगा आधी माझ्याकडे बघत राहिला, मग ऑफिसातून कागद घेऊन आला. थेंब टाकला, उडून गेला, डाग राहिला नाही. मग दुसऱ्या पंपावरून टाकी भरून पाहिली. उचकी तशीच.

२९ जूनला, शनिवारी, नाक्यावरच्या गॅरेजमध्ये गेले. त्याने उभ्या गाडीला चारपाचदा रेस दिली आणि निकाल लावला, "मॅडम, मिसिंग मारतेय. कचरा आलाय." मिसिंग हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटायचं राहून गेलं की मेकॅनिक मंडळी त्याला मिसिंग म्हणतात. त्याने एअर फिल्टर बदलला, ३८०. टाकीत ओतायची, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या क्लीनरची बाटली, ३२०. मजुरी ३००. एक हजार रुपये देऊन निघाले. एअर फिल्टर काळा झाला होता हे मी डोळ्यांनी पाहिलं, त्यामुळे तेवढे पैसे वाया गेले असं नाही म्हणणार. पण घरी येईपर्यंत मानपाड्याच्या पुलाने उत्तर दिलं.

मग अधिकृत सर्व्हिस सेंटर. अ‍ॅपवरून वेळ मागितली तर पुढचा शनिवार मिळाला, ६ जुलै, सकाळी साडेनऊ. जॉबकार्डावर सल्लागाराने माझी तक्रार तीन शब्दांत बसवली: 'पिकअप लो, जर्किंग'. मी माझी नोंदवही पुढे केली. तो म्हणाला, "मॅम, टेक्निशियन टेस्ट ड्राइव्ह घेतील ना." इथे मी हट्ट धरायला हवा होता की मी सोबत बसते, त्रास कुठे होतो ते दाखवते. धरला नाही. एसीत बसून कॉफी प्यायले.

दीड वाजता बोलावलं. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागलेला नव्हता, स्कॅनरमध्येही बिघाडाचा कोड नव्हता. टेस्ट ड्राइव्हमध्ये तक्रार आढळली नाही. तरीही एस्टिमेट तयार होतं: थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनाची हवेची झडप साफ करणं, ठिणगी पाडणारे चारही स्पार्क प्लग, इंजेक्टर क्लिनिंग आणि फ्युएल पंपाची अख्खी असेंब्ली. शेवटच्या दोन गोष्टींचेच १४ हजार ८००. "पंप वीक असू शकतो," असं कारण. मी विचारलं, पंपाचं प्रेशर मोजलं का? तो म्हणाला, मोजायचं तर वेगळा चार्ज लागेल. असू शकतो म्हणून चौदा हजार ही आमच्या खात्यात न बसणारी नोंद आहे, तेव्हा ती मी खोडली. बाकीचं करून घेतलं. तपासणी ५०० आणि थ्रॉटल बॉडी १,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी. प्लग १८० रुपयांचा एक असे चार, त्यावर २८ टक्के. प्लग बसवायची मजुरी २५० अधिक १८ टक्के. ३ हजार २२३ रुपयांचं बिल. बिल मी पैशापर्यंत तपासलं. त्याला जोडलेलं जॉबकार्ड घडी करून डॅशबोर्डच्या खणात टाकलं. ही घडी लक्षात ठेवा.

८ जुलैला, सोमवारी, पावसाने मुंबई-ठाण्याचं काय केलं ते इथल्या कुणाला सांगायला नको. मी घरीच होते. मंगळवारी गाडी ठीक गेली, म्हटलं प्लगच असतील. बुधवारी, १० तारखेला, दिघ्याच्या अलीकडे ट्रेलरला ओलांडायला पाय दाबला आणि गाडी अक्षरशः थरथरली, मिक्सरचं भांडं नीट न बसल्यासारखी. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, लागला म्हणजे लुकलुकायला लागला.

हा फरक मला तेव्हा ठाऊक नव्हता, म्हणून इथे लिहिते. दिवा स्थिर पेटला असेल तर लवकर दाखवा, पण गाडी बेताने घरी नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर पाय काढा आणि जागा मिळताच बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल तेव्हा धुराच्या नळीतून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात असतं आणि तिथे जाऊन पेटतं. कन्व्हर्टर तापून वितळायला लागला तर काही हजारांचं काम काही दहा हजारांवर जातं. मी त्या दिवशी थांबले ते ज्ञानामुळे नाही, घाबरून.

विमा पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं होतं, वर्षातून चार वेळा. टोल फ्री नंबर पॉलिसीच्या पहिल्या पानावर असतो आणि पॉलिसी माझ्या घरच्या फाइलमध्ये होती. नवऱ्याने फोटो पाठवला. फोनवरच्या मुलीने पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर, लोकेशनची लिंक एवढं घेतलं आणि ६० मिनिटं म्हणाली. एक तास पन्नास मिनिटं लागली. तेवढ्या वेळात कडेने गेलेल्या प्रत्येक डंपरने मला कमरेपर्यंत आंघोळ घातली. टोइंगवाला आला, गाडी वर चढवली आणि विचारलं, "कुठं टाकायची?" याचं उत्तर मी दोन तासांत ठरवलंच नव्हतं. सर्व्हिस सेंटरचं नाव तोंडात येईना, म्हणून घर म्हटलं. पैसे काही लागले नाहीत.

ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याने संध्याकाळी फोनवर सांगितलं, ताई, ओबीडीचा डोंगल मागवा. २०१३पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे स्वतःचे बिघाड नोंदवून ठेवणारी यंत्रणा, आहे. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात काडेपेटीएवढं यंत्र बसवायचं, फोनला ब्लूटूथने जोडायचं, आणि गाडी काय म्हणतेय ते अ‍ॅपवर वाचायचं. ७४९ रुपये, १२ तारखेला घरी आलं. पार्किंगमध्ये मोबाइलच्या टॉर्चने ते सॉकेट शोधायला मला वीस मिनिटं लागली, वॉचमन माझे बाहेर आलेले पाय बघून विचारपूस करून गेला.

दोन कोड निघाले. पी०३००, म्हणजे कुठेतरी मिसिंग आहे. आणि पी०३०३, म्हणजे ते तिसऱ्या सिलिंडरमध्ये आहे. शेवटचा आकडा सिलिंडरचा. त्यापेक्षा मला आवडला तो 'फ्रीझ फ्रेम' नावाचा पडदा. कोड पडला त्या क्षणाची नोंद गाडीने स्वतः जपून ठेवलेली असते. २,१५० आरपीएम, वेग ताशी ३८ किलोमीटर, इंजिनावर लोड ७८ टक्के. माझी फोनमधली वही जे सांगत होती तेच, फक्त आता आकड्यांत.

मधेच पीयूसीचा घोळ. माझी पीयूसी १९ जुलैला संपत होती. १३ तारखेला, शनिवारी, दिवा स्थिर पेटलेला असताना मी मूर्खासारखी घराजवळच्या सेंटरवर गेले, म्हटलं एवढं तरी उरकून टाकू. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे उभी असताना नुसती चालू ठेवून, हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं आणि कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत. माझं हायड्रोकार्बन ४१०. हायड्रोकार्बन म्हणजे या बाबतीत न जळलेलं पेट्रोलच. सेंटरवरच्या मुलाने नळी काढून घेतली, म्हणाला, "काम करून आणा, मग या." पैसे घेतले नाहीत. म्हणजे एव्हाना उभ्या गाडीतही मिसिंग सुरू झालं होतं, फक्त मला जाणवत नव्हतं.

मेकॅनिक सापडला तो वॉचमनमुळे. त्याचा भाऊ टॅक्सी चालवतो. ज्यांची चूल गाडीवर पेटते त्यांना विचारायचं हे मला आधी सुचायला हवं होतं. त्याने वर्तकनगरच्या एका गल्लीतलं गॅरेज सांगितलं, पत्र्याची शेड, दोन गाड्या मावतील एवढी. मालक साठीचे, मूळचे साताऱ्याकडचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. रविवारी १४ तारखेला सकाळी सातला बोलावलं होतं. मी कहाणी सुरू केली, तसा त्यांनी हात वर केला. "ताई, उभ्या गाडीला काय कळतंय? चला, येऊरला."

उपवनवरून येऊरचा चढ लागतो. पावसाळ्यातल्या रविवारी नऊनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते, सातला मात्र रस्ता मोकळा होता. मामा शेजारी बसले, काच खाली केली, रेडिओ बंद केला. "तिसरा टाका. आता दाबा. दाबा अजून." गाडीने उचक्या दिल्या. मामा डोळे मिटून ऐकत होते, मांडीवर बोटाने ताल धरल्यासारखं मोजत होते. "एकच घर सुटतंय," म्हणाले. मी डोंगल दाखवला, तिसरं सिलिंडर म्हटलं. त्यांनी फोन लांब धरून वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "मग निम्मं काम तुम्हीच केलंय की."

पण तिसऱ्या सिलिंडरचा कोड म्हणजे तिथे काय बिघडलंय याचं उत्तर नाही. प्लग असेल, प्लगला वीज देणारी कॉइल असेल, इंजेक्टर असेल, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब गेला असेल. मामांची रीत साधी होती: विकत घेण्याआधी अदलाबदल करायची. शेडमध्ये आल्यावर इंजिन थोडं निवू दिलं, वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. चार प्लगांवर चार कॉइल, प्रत्येकीला एक दहाचा बोल्ट आणि एक कनेक्टर. कनेक्टरची खिट्टी जुनी झाली की कडक होते, ती त्यांनी हाताने न ओढता बारीक पेचकसाने हलके उचलली.

तिसरी कॉइल बाहेर आली तेव्हा मलाही कळलं की इथे काहीतरी आहे. कॉइलच्या खालच्या टोकाला रबराची लांब नळी असते, प्लगवर टोपीसारखी बसणारी. पहिल्या कॉइलचं रबर काळं, कोरडं, घट्ट. तिसरीचं मऊ पडून फुगलेलं, तोंडाशी पसरलेलं, पाण्यात राहिलेल्या पावासारखं. त्यावरून मधासारखं तेल ओघळत होतं. मामांनी बोट फिरवून मला दाखवलं, मग टॉर्च प्लगच्या विहिरीत मारला. विहिरीत तळाला तेल साचलं होतं, प्लगचं फक्त डोकं वर दिसत होतं.

"इंजिन ऑइल," मामा म्हणाले. "वर टॅपेट कव्हर आहे ना, इंजिनाचं झाकण, त्याच्या पॅकिंगमधून झिरपतंय. कॉइल मेली, पण मारली पॅकिंगने."

मी विचारलं, मग सिग्नलला त्रास का नाही? चढावरच का? त्यांनी बाहेर गाडी धुणाऱ्या पोराकडे बोट दाखवलं. पाइपला एक बारीक भोक होतं, पाणी नुसतं वाहत असताना तिथून थेंबही येत नव्हता. मामांनी त्याला पाइपचं तोंड अंगठ्याने दाबायला सांगितलं, तशी भोकातून पिचकारी उडाली. ठिणगीचंही तसंच असतं. गाडी उभी असताना सिलिंडरमध्ये हवा कमी, दाब कमी, ठिणगी थोड्या व्होल्टेजवर उडी मारते. आपण पाय दाबला की हवा भसकन आत येते, दाब वाढतो, तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. एवढं व्होल्टेज झालं की करंट प्लगच्या टोकापर्यंत जाण्याऐवजी सडलेल्या रबरातून बाजूच्या धातूत पळतो. ठिणगी पडत नाही, ते घर सुटतं. हे नंतर मी वाचूनही पाहिलं, मामांच्या पाइपपेक्षा चांगलं कुणी सांगितलेलं नाही.

अदलाबदल झाली: तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर, पहिल्याची तिसऱ्यावर. मी डोंगलने कोड पुसले. परत येऊर. दुसऱ्या वळणापर्यंत उचक्या आल्या आणि अ‍ॅपवर पी०३०१ उमटलं. दोष कॉइलबरोबर चालत गेला होता. इंजेक्टर सुटले, कॉम्प्रेशन सुटलं, आणि तो चौदा हजारांचा पंपही सुटला, कारण पंप अशक्त असता तर एकाच सिलिंडरला वेगळी वागणूक मिळाली नसती.

नवा पार्ट मागवायला चासी नंबर लागतो. आरसी काढायला खण उघडला तर सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड हातात आलं. सहज उलगडलं. बिलाचं पान मी पैशापर्यंत तपासलं होतं, हे मागचं पान बघितलंच नव्हतं. खाली 'टेक्निशियन रिमार्क' असा चौकोन, त्यात निळ्या बॉलपेनने, घाईच्या अक्षरात: 'नं. ३ प्लग वेल ऑइल सीपेज. टॅपेट कव्हर गॅस्केट चेक.' म्हणजे तिसऱ्या प्लगच्या विहिरीत तेल झिरपतंय, आणि गॅस्केट म्हणजे मामांचं पॅकिंग.

कुणीतरी प्लग बदलताना ते तेल पाहिलं होतं. पाहून, हात पुसून, लिहूनही ठेवलं होतं. ते सल्लागारापर्यंत पोचलं नाही, की पोचून पंपाच्या किमतीखाली दबलं, देव जाणे. सल्लागाराचा राग आला होताच, पण तो आठ दिवस माझ्याच गाडीत माझ्याच गुडघ्यासमोर पडलेला कागद बघून जरा निवला. दिवसभर लोकांच्या व्हाउचरची मागची बाजू तपासायचा मला पगार मिळतो. मामांनी वाचलं आणि एवढंच म्हणाले, "पोरगं चांगलं आहे तिथलं कुणीतरी."

लगेच काम होईना. पॅकिंगचा सेट भिवंडीच्या गोदामातून यायचा होता, आणि १७ला आषाढी. मामा दरवर्षी पंढरपूरला जातात. सोमवारी निघून गुरुवारी रात्री परत, गॅरेज बंद. गाडी त्यांच्या शेडमध्येच ठेवली. तो आठवडा ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने घणसोली, तिथून शेअर रिक्षा. प्रामाणिकपणे सांगायचं तर कळव्याच्या पुलावरच्या गाडीपेक्षा लवकर पोचत होते. कॉइल मी मधल्या दिवसांत वागळे इस्टेटमधल्या दुकानातून आणली. दुकानदाराने दोन पुढे ठेवल्या, कंपनीची २,४८० आणि लोकल ९००. मामांना फोन लावला, मागे टाळ ऐकू येत होते. "वायपर लोकल घ्या, कॉइल घेऊ नका," म्हणाले.

२० जुलै, शनिवार. सकाळी दहाला काम सुरू झालं आणि मी स्टूल टाकून समोरच बसले. विहिरीतलं तेल मामांनी आधी सिरिंजने ओढलं, मग सळईला कापड गुंडाळून पुसून घेतलं. हे न करता प्लग उघडला तर तेल थेट सिलिंडरमध्ये उतरतं. टॅपेट कव्हरचे बोल्ट बाहेरून आत, तिरपे तिरपे ढिले केले. जुनं पॅकिंग रबराचं असतं यावर विश्वास बसेना. वाकवलं तर उडदाच्या पापडासारखं कट्कन मोडलं. दहा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजलं होतं ते. प्लगच्या विहिरींभोवतीची चार गोल सीलंही तशीच. दोन्ही पृष्ठभाग साफ करायला सगळ्यात जास्त वेळ गेला. नवं पॅकिंग बसवलं, टायमिंग कव्हर जिथे जुळतं त्या दोन कोपऱ्यांत सीलंटचा ठिपका, आणि बोल्ट जोर मोजून आवळणाऱ्या टॉर्क पान्याने. "हे जोर लावून आवळलं की कव्हर वाकतं, मग महिन्यात परत गळतं," मामा म्हणाले.

तिसरा प्लग दोन आठवड्यांचा, पण त्याच्या पांढऱ्या सिरॅमिकवर एक तपकिरी रेघ उठली होती, केसाएवढी. करंटने पाडलेली वाट. तीच वाट तो पुन्हा धरतो, म्हणून तो प्लगही बदलला. बाकी तिन्हींची फट फीलर गेजने तपासून परत बसवले. सीलंट सुकायला तासभर गाडी तशीच ठेवली, तोवर चहा, आणि मामांकडचा पंढरपूरचा प्रसाद, चुरमुरे-बत्तासे. पॅकिंग सेट ८६०, कॉइल २,४८०, प्लग २३०, सीलंट वगैरे १२०, मजुरी १,४००. पाच हजार नव्वद. सगळा हिशेब धरला, डोंगल आणि पीयूसीसकट, तर १० हजार १८७.

दुपारी येऊरला पर्यटकांची जत्रा, म्हणून घोडबंदर रोडने गायमुखच्या घाटापर्यंत गेलो. चौथा गिअर, एसी चालू, पाय पूर्ण दाबला. मी खांदे आवळून हिसक्याची वाट बघत होते. आला नाही. गाडी नुसती चढत राहिली. गेल्या वर्षभरात तिची ताकद हळूहळू कमी झाली होती आणि मला ते कळलंच नव्हतं, हे तेव्हा कळलं. परतताना मामांनी सायलेन्सरपाशी वाकून वास घेतला. सडक्या अंड्याचा वास नव्हता, रेस दिली तर धूर मोकळा सुटत होता. कन्व्हर्टर बहुतेक वाचला, पण लक्ष ठेवा म्हणाले.

२१ला, रविवारी, त्याच पीयूसी सेंटरवर. मुलाने ओळखलं. नळी लावली, नंबर प्लेटचा फोटो घेतला, मोबाइलवर ओटीपी आला. हायड्रोकार्बन ३८, कार्बन मोनॉक्साइड ०.०२. १२५ रुपये, एक वर्ष. घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं, थांबली उचकी. त्यांनी विचारलं, "मग कोण काढत होतं आठवण?" म्हटलं, सर्व्हिस सेंटरमधला एक मुलगा.

त्याच सर्व्हिस सेंटरमधून नंतर फोन आला, ६ तारखेच्या सर्व्हिसला दहापैकी किती गुण द्याल म्हणून. टेक्निशियनला दहा म्हटलं आणि तो रिमार्क वाचून दाखवला. तिकडची मुलगी म्हणाली, "मॅम, टेक्निशियनसाठी वेगळा ऑप्शन नाही."

मामांनी हजार किलोमीटरनंतर एकदा दाखवून जा म्हटलं होतं. २४ ऑगस्टला गेले. त्यांनी तिसरी कॉइल काढली, सळईला पांढरं कापड गुंडाळलं, विहिरीत तळापर्यंत घालून फिरवलं आणि बाहेर काढून उन्हात धरलं. पांढरंच होतं. पैसे घेतले नाहीत. बॉनेट लावताना काचेकडे बघून म्हणाले, "वायपर मात्र बदला ताई, कोकणात जाताय ना?"